टेबलावर पालथा ठेवलेला फोन

चार माणसे टेबलाभोवती बसलेली असावीत आणि त्यांतल्या एकाने नुकताच नवा फोन घेतलेला असावा. अशा वेळी तो फोन टेबलावर कसा ठेवला जातो, हे पाहण्याची मला सवय लागली आहे. जुना फोन माणसे कशीही टाकतात. नवा फोन जपून ठेवला जातो, आणि बहुधा पालथा ठेवला जातो. पाठीवर कॅमेऱ्याच्या लेन्स असतात, त्या वर्षीचा रंग असतो, कंपनीचे बोधचिन्ह असते. हा फोन कोणता आणि कधीचा हे सांगणारे सगळे काही पाठीवरच असते, कारण समोरून पाहिले तर आजचे सगळे फोन सारखेच काळे आयत दिसतात. असा का ठेवला, असे विचारले तर मालक सांगतो की स्क्रीन वर असली की नोटिफिकेशन दिसत राहतात आणि बोलण्यात लक्ष लागत नाही. हे उत्तर खरे असते. त्यात लबाडी नसते, आणि म्हणूनच मला त्याचे कुतूहल वाटते. अनेक कामे करणाऱ्या नव्या फोनचे लोकांत जे आकर्षण असते, त्याची सगळी गंमत या लहानशा कृतीत आहे: तिच्यामागे दोन कारणे असतात, दोन्ही खरी असतात आणि त्यांतले एकच बोलून दाखवता येते.

मिरवण्याच्या वस्तू माणसाने पूर्वीपासून जमवल्या आहेत. मात्र अंगठी घालणाऱ्याला ती कशासाठी घातली असे कुणी विचारले, तर उपयोगाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. आवडली म्हणून घेतली, एवढेच तो सांगू शकतो. महागड्या घड्याळाची बाजू थोडी बरी, कारण ते निदान वेळ दाखवते, मग तीच वेळ स्वस्त घड्याळही दाखवत असले तरी. फोनने ही अडचण पुरती सोडवून टाकली. कॅमेरा, नकाशा, गजर, वही, टॉर्च, पाकीट, गाणी, पत्रव्यवहार, बँक आणि खेळ हे सगळे ज्या एका वस्तूत सामावले आहे, ती घेण्यासाठी कारण शोधावे लागत नाही. असलेल्या कारणांतून एखादे निवडावे लागते. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो खरे, पण पैसे मोजायची वेळ आली की हौसेलाही हाताशी एखादे कारण लागते, आणि ते पुरवण्यात या वस्तूची बरोबरी दुसरी कुठलीच वस्तू करू शकत नाही.

ही कारणे ऐकण्यासारखी असतात. ज्याने सूर्यास्तानंतर क्वचितच फोटो काढला असेल, तो कमी उजेडातल्या छायाचित्रणाबद्दल तळमळीने बोलतो. ज्याचे सगळे काम कॉल घेणे आणि निरोप पाठवणे एवढ्यावर भागते, त्याला प्रोसेसरच्या पिढ्या तोंडपाठ असतात. मुले लहान आहेत, हे दिवस पुन्हा येणार नाहीत, तेव्हा कॅमेरा चांगलाच हवा, हे कारण तर बिनतोड आहे; त्यापुढे घरातला कितीही काटेकोर हिशेबनीस गप्प बसतो. सगळ्यांत लाडके कारण म्हणजे जुना फोन हळू चालू लागला आहे. नवे मॉडेल जाहीर झाले की जुने नेमके त्याच सुमारास कसे काय मंदावते, अशी थट्टा बरीच वर्षे चालत असे. मग डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरद्वारे त्यांचा वेग कमी केला जातो, आणि थट्टेचा विषय झालेल्यांपैकी निदान काहींची तक्रार अक्षरशः खरी ठरली. नवी बॅटरी बसवली की तो वेग परत येत होता, आणि कंपनीने ती कमी किमतीत बसवून द्यायची तयारीही दाखवली. पण बॅटरी बदलून आणल्यावर ती कुणी मित्रांना दाखवत नाही.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये असे मांडले होते की गरजेपलीकडचा खर्च लोकांच्या नजरेस पडेल अशा रीतीने केला की त्यातून प्रतिष्ठा मिळते. त्याच्या डोळ्यांसमोर जे धनिक होते, त्यांना आपली चैन चैन म्हणूनच मिरवायला फारसा संकोच वाटत नव्हता. रिकामपण हेच त्यांच्या मोठेपणाचे लक्षण होते. आज मोठेपणाचे लक्षण बदलले आहे. सतत कामात असणे, सगळ्यांना हवे असणे, दहा ठिकाणांहून एकाच वेळी बोलावणे येणे, याला आता मान आहे, आणि त्यामुळे चैनीच्या वस्तूलाही कामाची वस्तू म्हणून वावरावे लागते. फोनच्या खोक्यावरची फीचर्सची यादी म्हणूनच मला वकिलाच्या टिपणासारखी वाटते. ती ग्राहकाला पटवण्यासाठी असते, असा आपला समज आहे; ग्राहक तर आधीच पटलेला असतो, त्याला ती पुढे इतरांपुढे मांडायची असते.

सुरुवातीच्या मोबाइल फोनला असल्या टिपणाची गरज नव्हती. मोटोरोलाचे अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातात धरायच्या फोनवरचा पहिला कॉल केला, तो बेल लॅब्ज या प्रतिस्पर्धी संस्थेतल्या जोएल एंगेल यांना. म्हणजे या यंत्रावरचे पहिले संभाषणच मुळी ते यंत्र आपल्या हातात आहे हे दुसऱ्याला कळवण्यासाठी झाले. त्यातून पुढे तयार झालेला डायनाटॅक ८०००एक्स १९८४ मध्ये विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती, वजन पाऊण किलोच्या वर होते, आणि पूर्ण चार्ज केल्यावर सुमारे अर्धा तास बोलता येत असे. काम एकच, तेही जेमतेम. पण ते काम चालू असताना मालक रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येई, आणि ज्याला तो दिसे त्याला किमतीचा अंदाज कुणी सांगावा लागत नसे.

अनेक कामे करणारा फोन म्हटले की लोकांना आयफोन आठवतो, परंतु आयबीएमचा सायमन त्याच्या तेरा वर्षे आधी, १९९४ मध्ये विक्रीला आला होता. त्याला टचस्क्रीन होती, त्यावरून ईमेल आणि फॅक्स पाठवता येत, दिनदर्शिका, पत्त्यांची वही आणि गणकयंत्र त्यात होते. तो सुमारे ५० हजार विकला गेला आणि वर्षभरातच बाजारातून गेला. बॅटरी तासाभरात संपत असे आणि आकार विटेसारखा होता, ही कारणे आहेतच, पण मला आणखी एक कारण दिसते: तो हातात घेऊन बसलेला माणूस नेमके काय करतो आहे, हे शेजारच्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता. याउलट १९९६ मध्ये आलेला मोटोरोलाचा स्टारटॅक कॉल करण्यापलीकडे फारसे काही करत नव्हता, पण त्याचे वजन ८८ ग्रॅम होते, तो मधोमध मिटत असे, आणि बोलणे संपल्यावर तो टपकन बंद करण्यातली ऐट सगळ्यांना दिसत असे, ऐकूही येत असे. नोकियाने ८२१० हा ७९ ग्रॅमचा फोन ऑक्टोबर १९९९ मध्ये पॅरिसमधल्या फॅशन सप्ताहात, केन्झो या फॅशनगृहाच्या साथीने लोकांसमोर आणला; तंत्रज्ञांच्या मेळाव्यापेक्षा फॅशनचा मंच त्याला अधिक शोभतो, हे कंपनीला कळून चुकले होते. पाच वर्षांनी आलेला मोटोरोलाचा रेझर १४ मिलिमीटरपेक्षाही पातळ होता, आणि सुरुवातीला श्रीमंती वस्तू म्हणून आलेल्या त्या मालिकेचे पुढे तेरा कोटींहून अधिक फोन खपले. म्हणजे २००७ पर्यंत स्थिती अशी होती की काम एका फोनात आणि आकर्षण दुसऱ्याच फोनात राहत होते.

जाता जाता एक उलटापालट सांगितली पाहिजे. त्या काळी फोन जितका लहान तितका मालक मोठा, असा रिवाज होता. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंची स्क्रीनचा गॅलेक्सी नोट आणला तेव्हा तो कानाला लावणाऱ्याला लोक हसले, कारण त्यांच्या लेखी फोन ही अजून कानाची वस्तू होती. ती डोळ्यांची वस्तू झाली आणि काही वर्षांतच लहान फोन वापरणाऱ्याला तो का वापरतो याचा खुलासा द्यावा लागू लागला. ५.३ इंच हा आकडा आज लहान फोनांत मोडतो.

स्टीव्ह जॉब्ज यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मंचावर आयफोन दाखवला, तेव्हा आपण तीन उपकरणे आणली आहेत असे सांगून ती तिन्ही नावे ते पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले: रुंद पडद्याचा आयपॉड, फोन आणि इंटरनेटचे साधन. तिन्ही मिळून एकच वस्तू आहे हे श्रोत्यांच्या ध्यानात येईपर्यंत त्यांनी ते ताणले. कागदावर मात्र ती वस्तू फार बलवान नव्हती. नोकियाचा एन९५ त्याच वर्षी दुकानांत आला होता. त्यात पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, व्हिडिओ काढता येई, जीपीएस होते, थ्रीजी होते. पहिल्या आयफोनात थ्रीजी नव्हते, व्हिडिओ काढता येत नव्हता, संदेशातून फोटो पाठवता येत नव्हता, बाहेरची अ‍ॅप टाकता येत नव्हती, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोयसुद्धा २००९ मध्ये आली. ज्याला केवळ कामाशी काम आहे, त्याने त्या वर्षी एन९५ घ्यायला हवा होता, आणि अनेकांनी घेतलाही.

पण गर्दी जमली ती आयफोनभोवती, आणि याचे कारण मला पुढीलप्रमाणे वाटते. एन९५ ची कामे मालकाला सांगावी लागत, आयफोनची कामे शेजारच्याला दिसत. बोटाने ढकलली की यादी घरंगळत जाई आणि टोकाला पोहोचल्यावर किंचित उसळून थांबे. दोन बोटे फाकवली की फोटो मोठा होई. फोन आडवा केला की चित्रही आडवे होई. यांतले एकही काम नवे नव्हते, यादी आधीही खाली सरकत होती आणि फोटो आधीही मोठा होत होता. नवे होते ते एवढेच की हे करताना बघणाऱ्याला काहीही समजावून सांगावे लागत नव्हते आणि त्याच्या बोटांना तसे करून पाहण्याची इच्छा होत होती. फोन विकण्याचे जे काम तोवर जाहिराती आणि दुकानदार करत होते, ते मालक करू लागले, तेही फुकट आणि आनंदाने. एखादे फीचर किती उपयोगाचे आहे, याहून ते अर्ध्या मिनिटात दुसऱ्याला दाखवता येते की नाही, यावर त्याचे लोकांतले आयुष्य ठरते, असे माझे मत बनले आहे. फोनची साठवण दुप्पट झाली तर ते कुणाला दाखवता येत नाही. दूरच्या पाटीवरची अक्षरे झूम करून वाचता आली, तर ती अख्ख्या मेजवानीला दाखवता येतात, मग त्या पाटीवर काय लिहिले आहे याच्याशी कुणालाही काही देणेघेणे नसले तरी.

हा दाखवण्याचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा असतो. कुणीतरी 'बघू' म्हणून हात पुढे करतो. फोन हातात आला की आधी तो तळहातावर तोलला जातो. हलका लागला तर 'किती हलका आहे' असे म्हटले जाते आणि जड लागला तर 'चांगला दणकट वाटतो' असे, आणि दोन्ही वाक्ये कौतुकाचीच असतात. मग कॅमेरा उघडून समोर जे काही असेल त्याचा फोटो काढला जातो, तो मोठा करून पाहिला जातो, आणि पाहणारा मान डोलावतो. तेवढ्यात स्क्रीन बंद होते आणि ती उघडण्यासाठी फोन मालकाच्या चेहऱ्यासमोर धरावा लागतो. हा सबंध विधीतला सगळ्यांत विनोदी क्षण, कारण पाहुण्याच्या हातातली वस्तू यजमानाचे तोंड पाहिल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. मालकाची नजर या काळात फोनवरून ढळत नाही. तो पडेल ही भीती थोडी असते, आणि बघणाऱ्याचे बोट एका फोटोवरून पुढच्या फोटोवर सरकेल ही भीती पुष्कळ.

मिरवण्याच्या इतर कुठल्याही वस्तूला ही अडचण नाही. हार कुणी हातात घेऊन पाहिला तर हाराच्या पोटातून मालकाची पत्रे बाहेर पडत नाहीत. फोन बाहेरून सगळ्यांना दाखवायचा असतो आणि आतून कुणालाही दाखवायचा नसतो, आणि हे दोन्ही एकाच काचेच्या दोन बाजूंना असते. म्हणूनच नवा फोन अगदी मोकळ्या मनाने लोकांच्या हाती दिला जातो तो त्याच्या पहिल्या दिवसांत, तो रिकामा असताना. त्यात मालक अजून उतरलेला नसतो, ती फक्त एक सुंदर वस्तू असते. हल्ली जुन्या फोनमधले सगळे काही पहिल्याच संध्याकाळी नव्यात ओतले जाते, त्यामुळे हा मोकळेपणाचा काळ फारच आखूड झाला आहे, आणि दाखवण्याची जागा लवकरच टेबलावर ठेवण्याने घेतली जाते.

या टेबलावर ठेवण्याकडे शास्त्रज्ञांचेही लक्ष गेले होते. जॉन लायसेट आणि रॉबिन डनबार यांनी लिव्हरपूलमधल्या एका पबमध्ये लोक फोनचे काय करतात याची निरीक्षणे घेऊन २००० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्त्रिया फोन बहुधा पिशवीत ठेवत आणि काम पडले की काढत. पुरुष तो टेबलावर मांडत, हाताळत राहत, आणि भोवती स्त्रियांच्या मानाने पुरुषांची संख्या वाढली की हे प्रदर्शनही वाढे. एका पबावरून सगळ्या मनुष्यजातीबद्दल बोलू नये हे खरे, आणि आजच्या टेबलावर असा स्त्रीपुरुष भेद मला तरी दिसत नाही. पण त्या काळचे फोन बोलण्यापलीकडे जवळजवळ काहीच करत नव्हते, तरीही ते टेबलावर मांडले जात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मांडणे आधीपासून होतेच, मांडण्याची कारणे मागाहून भरत गेली.

ती कारणे काढून घेतली तर काय उरते, याचा प्रयोगही एकाने नकळत करून ठेवला आहे. ऑगस्ट २००८ मध्ये, अ‍ॅप स्टोअर सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, आर्मिन हाइनरिख या जर्मन विकासकाने 'आय अ‍ॅम रिच' नावाचे एक अ‍ॅप ९९९ डॉलर ९९ सेंटला विक्रीला ठेवले. ते उघडले की स्क्रीनवर एक लाल रत्न चमके आणि त्यावर टिचकी मारली की मालकाची थोरवी सांगणारे थोडे शब्द दिसत. याखेरीज ते काहीही करत नसे. अ‍ॅपलने ते लगोलग काढून टाकले, तोवर आठ जणांनी घेतले होते. लोक त्या आठांना हसले. वास्तविक त्या आठांची वृत्ती इतरांहून फार निराळी होती असे मला वाटत नाही. त्यांच्यापाशी रात्रीच्या फोटोंचे किंवा बॅटरीचे निमित्त नव्हते, एवढाच काय तो फरक. नोकियाने उभा केलेला व्हर्टू हा ब्रँड याच वाटेने जात होता. नीलमाची काच, मौल्यवान धातू, हाताने केलेली जुळणी आणि सेवकाला बोलावण्याचे वेगळे बटन, हे सगळे त्यात होते, पण फोन म्हणून तो आपल्या किमतीच्या अंशानेही पुढे नव्हता. ब्रिटनमधला त्याचा कारखाना २०१७ मध्ये बंद पडला. धनिकांनीसुद्धा अखेर तोच फोन पसंत केला जो त्यांचे सचिव वापरत होते.

आता हा फोन मालकाबद्दल खरोखर काही सांगतो का? शिकागो विद्यापीठातील मारिआन बर्ट्रांड आणि एमिर कामेनिका यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हा प्रश्न अमेरिकेपुरता तपासला. एखादे घर उत्पन्नाच्या वरच्या चतुर्थांशातले की खालच्या, हे त्या घरातल्या एकाच वस्तूवरून ओळखायचे झाले, तर २०१६ सालच्या माहितीत सर्व ब्रँडमध्ये आयफोन सगळ्यांत उपयोगी ठरला. त्यावरून केलेला अंदाज सुमारे ६९ टक्के वेळा बरोबर येत होता. १९९२ मध्ये हाच मान मोहरीच्या एका ब्रँडेड सॉसकडे होता, हे वाचून मला फार बरे वाटले. पण ६९ टक्के म्हणजे दर दहांत तीन वेळा चूक, आणि ज्या खुणेची एवढी ख्याती होते ती खूण फार दिवस खरी राहत नाही. फॅशनबद्दल गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले होते की खालच्यांनी वरच्यांची नक्कल केली की वरचे ती फॅशन सोडून पुढे सरकतात. मासिक हप्त्यांनी ही नक्कल पुष्कळ सोपी केली, आणि मग पुढे सरकणेही दरवर्षीचे झाले. कॅमेऱ्यांची मांडणी दर एकदोन वर्षांनी का बदलते, याची प्रकाशशास्त्रातली कारणे असतीलही; पण कपड्यांसारखा दरवर्षी निघणारा नवा रंग कुठल्याही शास्त्राने समजावता येणार नाही. तो रंग म्हणजे फोनच्या पाठीवर छापलेले साल असते. २०१९ मध्ये तीन लेन्सचा आयफोन आला, तेव्हा जुन्या फोनच्या पाठीवर चिकटवायची खोट्या लेन्सची टोपणेही बाजारात आली. त्यांतून फोटो निघत नव्हता, आणि घेणाऱ्यांची तशी अपेक्षाही नव्हती.

इथवर मी मिरवण्याबद्दलच बोलत आलो, पण माझ्या पाहण्यात नवा फोन घेणारे बहुतेक लोक मिरवणारे नसतात. त्यांना उठून दिसायचे नसते, वेगळे दिसायचे नसते. तडा गेलेल्या काचेचा फोन सगळ्यांसमोर खिशातून काढायचा नाही, व्हिडिओ कॉलमध्ये आपलाच चेहरा धुरकट दिसू द्यायचा नाही, गटाने ठरवलेले अ‍ॅप आपल्या फोनवर चालत नाही असे सांगण्याची पाळी येऊ द्यायची नाही, एवढीच त्यांची इच्छा असते. या आकर्षणाचा मोठा भाग असा भीतीतून आलेला आहे, आणि त्याची थट्टा करणे मला जमत नाही, कारण ही भीती काल्पनिक नाही. ब्लॅकबेरीच्या काळात त्याची मेसेंजर सेवा फक्त ब्लॅकबेरीवाल्यांनाच वापरता येई, आणि मित्रांच्या टोळीत ज्याच्याकडे तो नसेल त्याला बेत ठरल्यावर कळत. अ‍ॅपलने २०११ मध्ये आयमेसेज सुरू केले, आणि आयफोनवाल्यांचे आपापसांतले संदेश निळ्या फुग्यांत तर इतरांना गेलेले हिरव्या फुग्यांत दिसू लागले. हिरवा फुगा आला की फोटो अंधूक होत, गटातल्या काही सोयी बंद पडत. अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांत हा हिरवा रंग हिणवण्याचा विषय झाला, तो इतका की अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला, त्यात या सामाजिक कमीपणाचाही उल्लेख आहे. २०२२ मध्ये एका पत्रकाराने अ‍ॅपलचे त्या वेळचे प्रमुख टिम कुक यांना सांगितले होते की आपण आईला पाठवलेले व्हिडिओ तिला नीट मिळत नाहीत. त्यावर आईला आयफोन घेऊन द्या, असे उत्तर त्याला मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये नवी संदेशप्रणाली आल्यावर फोटो स्पष्ट जाऊ लागले. रंग हिरवाच राहिला.

फोनमुळे मिळणारे स्थान दर वेळी असे कडवट नसते. घोळक्याचा फोटो काढायची वेळ आली की कुणाचा कॅमेरा सर्वांत चांगला, हे सगळ्यांना आधीच माहीत असते, आणि त्या मालकाला पुढे केले जाते. परिणाम असा होतो की उत्तम कॅमेऱ्याचा मालक त्या दिवसाच्या निम्म्या फोटोंतून गायब असतो. पण त्या रात्री सगळे जण त्यालाच विचारत असतात, फोटो पाठवलेस का. ज्याच्या फोनात तो दिवस साठला आहे, तो काही तासांपुरता का होईना त्या घोळक्याचा केंद्रबिंदू होतो. मोबाइलमधल्या कॅमेऱ्याचा हा स्वभाव जन्मापासूनचा आहे. फिलिप कान या उद्योजकाने ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या प्रसूतिगृहातून आपल्या नवजात मुलीचा फोटो कॅमेरा, लॅपटॉप आणि फोन एकमेकांना जोडून परिचितांना पाठवला. काढण्याइतकीच पाठवण्याची घाई होती. जपानमध्ये नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या शार्पच्या जे-एसएच०४ या फोनचा कॅमेरा जेमतेम १ लाख १० हजार पिक्सेलचा होता, पण त्याच्या लेन्सशेजारी स्वतःचा चेहरा नीट बसवून घेण्यासाठी एक चिमुकला आरसा दिलेला होता. छायाचित्रकला शिकवायला तो फोन निघालेला नव्हता, हे त्या आरशावरून कळते.

या सगळ्यात साधा, केवळ बोलण्याचा फोन वापरणारे कुठे बसतात, हेही पाहायला हवे. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी त्यांचा मिटणारा साधा सॅमसंग फोन २०२० च्या सुरुवातीपर्यंत सोडला नव्हता, आणि त्या वेळी त्यांची कंपनी अ‍ॅपलच्या सर्वांत मोठ्या भागधारकांत होती. तो फोन लोकांना कौतुकाचा वाटे. तोच फोन एखाद्या नोकरी शोधणाऱ्या तरुणाच्या हातात असता, तर मुलाखत घेणाऱ्याने त्यातून निराळाच अर्थ काढला असता. साधेपणा मिरवता येतो, पण त्यासाठी तो आपण निवडलेला आहे हे आधी जगाला ठाऊक असावे लागते. फोन सोडून दिल्याची सविस्तर हकिगत सांगणारे लोक भेटले की मला तेच नव्या फोनचे मालक आठवतात. तळहातावर तोलण्यासाठी हे लोक फक्त वस्तूऐवजी तिचा अभाव पुढे करतात.

मध्यंतरी काही वर्षे या आकर्षणाची धार थोडी बोथट झाली होती. फोन अधिक वर्षे टिकू लागले, वरच्या आणि मधल्या किमतीच्या फोनांत डोळ्यांना जाणवेल असा फरक उरला नाही, आणि 'बघू' म्हणून हात पुढे होणे कमी झाले. मग घडीचे फोन आले. सॅमसंगने फेब्रुवारी २०१९ मध्ये गॅलेक्सी फोल्ड १,९८० डॉलर किमतीला जाहीर केला. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनांच्या स्क्रीन काही दिवसांतच बिघडल्या, कंपनीने विक्री पुढे ढकलली आणि दुरुस्त्या करून तो सप्टेंबरमध्ये बाजारात आणला. एवढी नाचक्की होऊनही कल्पना मेली नाही, आणि यात मला नवल वाटत नाही. स्टारटॅकची टपकन मिटण्याची ऐट आणि आयफोनची न सांगता समजणारी करामत, या दोन्ही गोष्टी त्या बिजागरीत एकत्र आल्या आहेत. असा फोन कुणी बाहेर काढला की भोवतालचे लोक त्याच्या प्रोसेसरची चौकशी करत नाहीत. ते उघडून दाखव म्हणतात, मिटून दाखव म्हणतात, आणि मग वाकून मधली वळी दिसते का ते पाहतात. मालक एक हात पुढे करून सांगतो की मोठ्या स्क्रीनवर कागदपत्रे वाचायला फार सोयीचे पडते. मीही तो दोनचार वेळा उघडमीट करून पाहिला आहे, बिजागरीचा तो मऊ, किंचित अडखळणारा प्रतिकार बोटांना फार आवडला, आणि अलीकडे मलाही बरीच लांबलचक कागदपत्रे वाचावी लागतात.